पुढं चालते तो

८ नोव्हेंबर
कळफलकावरच्या 'ळ'चं आज सकाळी आल्याचा चहा सांडून निधन झालं. कप ह्यांनी ठेवला होता, कोपर माझं होतं. चौकशी समिती नेमलेली नाही.
मुक्ता पुण्याला नोकरीवर गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर माझ्या गळ्यात मारून गेली. कोपऱ्यातली एक कळ तिने खास 'ळ'साठी लावून दिली होती. आता ती दाबली की 'कच्' असा आवाज येतो आणि कागद कोरा. तेवीस वर्षं राळेगावच्या पोरांना बारावीचं मराठी शिकवते आहे. शाया नाही रे, शाळा. डोये नाही, डोळे. जोय नाही, जवळ. तेवीस वर्षांच्या लढाईनंतर माझंच यंत्र शत्रूला जाऊन मिळालं.
या वहीत अजून ळ उमटतो. पेनाने चहा घेतलेला नाही.
दुरुस्तीवाला म्हणतो, सामान नागपूरहून, महिना लागेल. आणि तीस तारखेला संध्याकाळी सहापर्यंत राखवाडीचं सगळं मराठी पाठवायचंय. बिनळाचं.

१० नोव्हेंबर
मुक्ताचा फोन. "आई, तुझ्या त्या विहिरीचं मला एकदा नीट सांग." फोनवर ती वैतागली. इथे जुळवून ठेवते.
खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, त्यात राख आहे नि रान आहे. आम्ही मराठी मंडळी त्याला राखवाडी म्हणतो. जगभरची माणसं एकाच वेळी त्यात हिंडतात. राक्षस मारता येतात, पण मी बहुतेक वेळ माल लादलेला बैल घेऊन या गावचं त्या गावाला नेते. प्रत्येकाला एक बैल मिळतो. माझं तिथलं नाव म्हातारचळ. लोकांनी ठेवायच्या आत मीच घेतलं.
खेळापेक्षा खेळाबद्दल बोलणारे जास्त. आमचा मराठी गट तसलाच. कोणत्या राजाची कोणती राणी, कोणता दगड कुणी ठेवला, यावर लग्नं मोडतील इतकी भांडणं. या गटाने हौसेने खेळाचं मराठी केलं, आणि आता कंपनी म्हणते तेच अधिकृत म्हणून घेऊ. त्या मराठीची संपादक मी. पगार नाही, पण लाल पेन चालवायला मिळतं. वर्तमानपत्रातल्या माझ्या रविवारच्या सदरातही एवढं चालवू देत नाहीत.
तर विहीर. दक्षिणेला चौरस्त्यावर आहे. काठावर एक मीठवाली म्हातारी. ती खेळाचीच, तिच्यामागे माणूस नाही. एकच वाक्य बोलते. इंग्रजीत त्याचा अर्थ असा की जो पुढे चालतो तो परतला म्हणजे विहीर बोलेल. आमच्या मराठीत: 'वीर परत आला की विहीर बोलेल.' विहीर आजवर कुणाशीही बोललेली नाही. त्यामुळे सगळे बोलतात. वीर म्हणजे मेलेला राजा, वीर म्हणजे खेळणारा स्वतः, वीर म्हणजे अजून न जन्मलेला कोणी. वणीच्या एका पठ्ठ्याने अख्खं वाक्य दंडावर गोंदवून घेतलं. त्यातला वी ऱ्हस्व. दंडावर लाल पेन चालत नाही, मी फोटोला अंगठा देऊन गप्प बसले.
वीर-विहीर हा अनुप्रास माझा. आहेच तसा.

१३ नोव्हेंबर
गटात आज गिरणीवाली बोलली. ती कधी बोलत नाही, नुसती लिहून ठेवते. फुलसावंगीजवळच्या एका बंजारा तांड्यावर तिची पिठाची गिरणी आहे एवढंच ठाऊक. खेळातलं बैल, गोण्या, मीठ, मुक्कामाच्या जागा, माल लादून निघण्याचे रिवाज, हे सगळं मराठी तिचं. चाळीसेक पानं असतील.
तिने लिहिलं: "बाई, त्या म्हातारीच्या वाक्यात मी नायक लिहिलं होतं. तुमी काहून बदललं? आता कायमचं छापून जाईन ते."
मी लिहिलं: "नायक सिनेमात असतो. विहिरीवर बादली असते."
गट खदाखदा हसला. वणीच्या दंडवाल्याने तर हसण्याची सात चित्रं टाकली. झोपेपर्यंत मी स्वतःवर खूश.

१४ नोव्हेंबर
अजून खूश.

१५ नोव्हेंबर
कोतवालाचा फोन. (खेळातलं नाव. एरवी मुकुटबनला पतसंस्थेत रोखपाल. गटाची किल्ली त्याच्याकडे.) गिरणीवाली गट सोडून गेली. एवढंच नाही, आपली सगळी पानं मागे घेतली. कंपनीचा नियमच आहे, शेवटच्या तारखेपर्यंत ज्याने लिहिलं त्याला मागे घेता येतं. मागे घेतलेलं पान करडं पडतं, वाचता येतं पण पाठवता येत नाही.
मी म्हटलं, दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ.
तो म्हणाला, "मॅडम, बैलाच्या पाठीवर गोणी कशी तोलते ते तुमाले येते का? मले तं नाही येत." आणि म्हणाला, "तिच्या बापाचं सांगणं होतं म्हणते ते. बुडा गेला मागच्या साली. त्याचं बोलणं दुसरीकडं कुठंच लिहून नाही म्हणे."
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं.
म्हटलं, एका विनोदाने माणसं एवढी पळायला लागली तर माझ्या सदराला वाचक उरणार नाही. कोतवाल हसला नाही.

१६ नोव्हेंबर
प्रत्येक पानामागे इतिहास असतो, कोणी कधी काय बदललं. विहिरीच्या पानाचा उघडला.
तिचा पहिला मसुदा: 'नायक परत आला की विहीर बोलेल.' खाली टीप: 'नायक मंजे तांड्याचा. पुढं चालते तो.'
त्याखाली मी, दोन वर्षांपूर्वी, सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी: 'नायक' खोडून 'वीर'. कारण: 'शब्दसूचीनुसार दुरुस्ती.' टीप काढून टाकली. कारण: 'व्याकरण.'
म्हणजे मी टीप वाचली होती. 'चालते' दिसलं, त्यात चूक दिसली, आणि अर्थ दिसला नाही. जो पुढे चालतो तो! त्या वाक्याच्या आजूबाजूला मीठ आहे, बैल आहेत, चौरस्ता आहे, आणि मी तिथे तलवारवाला उभा केला.
आणखी एक आठवलं. खेळातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात धुक्यात माझा बैल हरवला. कोणीतरी अनोळखी आलं, आपल्या बैलाची घंटी सोडून माझ्या बैलाला बांधली आणि म्हणालं, आता आवाजानं सापडन, मंग परत द्या. ती हीच. घंटी अजून माझ्याच बैलाच्या गळ्यात आहे. 'मंग' आलाच नाही.

१७ नोव्हेंबर
ह्यांना सांगितलं. खेळाचं काही सांगितलं की हे दुकानाच्या बिलांकडे बघत हो-हो म्हणतात. आज मान वर केली.
"आपल्या दुकानात सरकीचं बियाणं न्यायले जाधव नायक येते, तो कोणत्या सिनेमात होता?"
पंचवीस वर्षं तो माणूस येतो. डोक्याला पागोटं, बोलणं कमी, तांड्यातल्या वीस घरांचं बियाणं एकटा ठरवतो. मी स्वतः त्याला चहा दिला आहे. "नायक, बसा," म्हटलं आहे. आतून हाक आली तर "नायक आले आहेत" असं ह्यांना सांगितलं आहे.
म्हणजे शब्द मला येत होता. दुकानात येत होता. कागदावर आला की त्याला घराबाहेर काढलं.

१९ नोव्हेंबर
गटात टाकायला माफी लिहिली. दीड पान. मुक्ताला वाचून दाखवली.
"आई, ही माफी नाहीये, लेख आहे. तीन ठिकाणी हसू येतं."
म्हटलं, दोन.
"तिसरं तिच्यावर आहे."
फाडली. राग आला, कारण खरं होतं. आणि तिसरी जागाच चांगली जमली होती.

२१ नोव्हेंबर
गटात 'वीर' या विषयावर नवी चर्चा, अकोल्याच्या कोणीतरी वीराची वंशावळ काढली आहे. चौदा पिढ्या. सगळे वाहवा करतात. मी एका चुकीची पणजी झाले.
आता बोलले तर चौदा पिढ्या बुडतात, एक दंड बुडतो, आणि 'बाईंचं चुकत नाही' ही आमची ख्यातीही. नाही बोलले तर तीस तारखेला माझी चूक अधिकृत होते आणि तिच्या बापाचे बैल करड्या पानांत राहतात. नऊ दिवस.
ह्यांच्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न परवा महागावला. आहेर मी घेऊन जाते म्हटलं. ह्यांना आश्चर्य, कारण मामेबहिणीचं नाव मला आजवर आठवत नसे. कोतवालाकडून तांड्याचा पत्ता घेतला. तो देत नव्हता. आधी त्याने तिला विचारलं. ती म्हणाली म्हणे, "येऊ द्या. गिरणी उघडीच रायते."

२४ नोव्हेंबर
काल राळेगाव-यवतमाळ-महागाव, दोन एस्ट्या करून. लग्न लागलं, जेवले, मामेबहिणीला मामेबहीणच म्हणाले, रात्री त्यांच्याकडेच राहिले. आज सकाळी फुलसावंगी, तिथून ऑटोने तांड्यावर.
गिरणीच्या दारात बायांची रांग, प्रत्येकीजवळ डबा. मी रांगेत, माझ्याजवळ पर्स. पुढची म्हातारी मला वरून खाली पाहून म्हणाली, "दयण कुठं हाय तुमचं?" ळ इथेही नाही.
माझा नंबर आला. पिठाने पांढरी झालेली पस्तिशीची बाई, डोक्याला रुमाल. गिरणीच्या घरघरीत ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं:
"मी म्हातारचळ."
म्हातारीने शेजारणीला विचारलं, काय झालं म्हणते यायले. शेजारीण म्हणाली, वयामानानं होते.
गिरणीवाली (पत्त्यावर सुनीता राठोड) हसली नाही. म्हणजे हसली, पण गिरणीकडे तोंड करून. म्हणाली, "बसा बाई. जवारी उतरू द्या." मग ज्वारी उतरली, मग गहू, मग कोणाची तरी तूर. मला वाटतं तूर वाट पाहू शकली असती. पाऊण तास बसले. बारावीच्या पोरांना मी याहून कमी शिक्षा करते.
मग गिरणी बंद केली. कान वाजत होते. घरून आणलेलं वाक्य काढलं, म्हटलं, चूक माझी होती, तुझा शब्द बरोबर होता.
तिने रुमाल झटकला. "मले सांगून काय होते, बाई? मले तं पयलेच मालूम होतं. ज्यायच्यापुढं हासल्या त्यायच्यापुढं म्हना."
विषय बदलावा म्हणून विचारलं, नायक नेमका पुढेच का चालतो.
ती सांगत गेली. तिच्या आज्याची नायकी होती. मीठ-धान्य लादून बैल निघायचे ते दिवस त्याच्याही आधीचे, पण त्याने आपल्या बापाचं ऐकलेलं, ते तिच्या बापाला सांगितलं, बापाने हिला, याच गिरणीत पट्टा चढवता चढवता. नायक पुढे पायी चालतो. मागे वळून पाहत नाही. बैलाबैलाची घंटी वेगळी, आवाजावरून त्याला कळतं मागे कोण येतंय, कोण राहिलं. एक घंटी कमी ऐकू आली की तो जागीच थांबतो, आणि अख्खा तांडा थांबतो.
"तुमी तिथं वीर लिहिलं. इकडं बुडे लोक विहिरीले ईर म्हनते. मी आमच्या याडीले वाचून दाखवलं, तं ते म्हने, ईर परत आली का ईर बोलते? मंग गेली कुठं होती?"
याडी म्हणजे आई. ती मागच्या खाटेवरून ऐकत होती. या जागी तिने मान हलवली.
मी हसले. सुनीताही. मग ती सहज बोलावं तसं म्हणाली:
"माह्या बैलाची घंटी तुमच्याकडं हाय, बाई. दोन साल झाले. मी खेयात असले का मले तो आयकूच येत नाही."
पानांचं विचारलं. "पाह्यतो," म्हणाली. "आज दयण लय हाय." (इथल्या बाया स्वतःलाही पाहतो, जातो म्हणतात. हेही मी तेवीस वर्षं दुरुस्त करते आहे.) निघताना तिने एक किलो ज्वारीचं पीठ कागदात बांधून दिलं. रिकाम्या हाताने गिरणीतून कोणी जात नाही म्हणे.

२५ नोव्हेंबर
परतीच्या एस्टीत वाक्य घोळवलं. घरी येऊन टाइप केलं. 'मूळ शब्द नायक होता. मी न वाचता खोडला. त्याच्यावर विनोद केला तोही मूर्खपणा होता. गिरणीवालीचं बरोबर.'
'मूळ'ला कच्. ळ नाही. दुसरीकडून उचलून चिकटवता येतो, मुक्ताने दाखवलं आहे. 'आरंभीचा शब्द' असंही लिहिता आलं असतं.
'मूय शब्द नायक होता' असं लिहिलं आणि पाठवून दिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन तिच्या पिठाच्या भाकरी केल्या. ह्यांनी तीन खाल्ल्या, म्हणाले, पीठ बदललं का?

२६ नोव्हेंबर
गटात शिमगा. निम्मे 'मूय'वर हसले: बाई, तुमी पण? हसू दिलं. अकोल्याचा वंशावळवाला बोलायचा बंद. एक जण म्हणतो चूक असली तरी वीरच ठेवा, कानाला बरं वाटतं. दुसरा म्हणतो मत घ्या. कोतवालाने सांगितलं की अर्थाला मतदान नसते.
वणीच्या दंडवाल्याचा खासगी निरोप: "बाई, दुसरा दंड खाली हाये. पन आवंदा शब्द आधी गिरणीवालीले इचारून मंग."
तिच्याकडून काही नाही. ती गटात नाहीच, तिला दिसलं असेल का?
कोतवाल म्हणतो दाखवलं. काय म्हणाली? "'मूय' वाचून हासली." आणि? "आनं काही नाही."

२८ नोव्हेंबर
वाक्य बदललं. 'नायक परत आला की विहीर बोलेल.' अनुप्रास गेला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.
खाली तिची टीप इतिहासातून काढून जशीच्या तशी परत ठेवली: 'नायक मंजे तांड्याचा. पुढं चालते तो.' हात दोनदा 'मंजे'वर गेला, एकदा 'चालते'वर. उठून पाणी प्याले. तशीच ठेवली. बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत लिहिलं: 'मूळ लेखिकेचे शब्द.' या वेळी ळ चिकटवला. इथे हवा होता.
तिची पानं करडी.

२९ नोव्हेंबर
करडी. दिवसातून किती वेळा पाहिलं ते लिहीत नाही.
वर्गात आज एक पोरगी फळ्याला फया म्हणाली. मी फळा पुसला.

३० नोव्हेंबर
शनिवार, अर्धा दिवस कॉलेज. दुपारी चार. पाठवायला दोन तास. कोतवालाचे तीन फोन. बैलांची पानं नसतील तर बाकीचं तसंच पाठवावं लागेल. म्हटलं, पाठव. तिच्यावर आणखी कोणी काही ढकलायचं नाही. तिला फोनही करू नकोस.
राखवाडीत गेले. तलवार कोठारात ठेवली. बैलावर बसले नाही, दावं हातात घेऊन पायी दक्षिणेला. पायी वीस मिनिटं लागतात; दोन वर्षांत कधी चालले नव्हते. वाटेत एक जण घोड्यावरून गेला, बाई बैल आजारी आहे का म्हणून विचारून गेला.
विहिरीशेजारी गोठा आहे. जे खेळात नसतात त्यांचे बैल तिथे उभे असतात. तिचा तांबडा, शिंगाला निळा गोंडा. दुसऱ्याच्या बैलाचं काही सोडायला परवानगी लागते, बांधायला लागत नाही. माझ्या बैलाच्या गळ्यातली घंटी काढली, त्याच्या गळ्यात बांधली. निरोपाची चौकट उघडली, त्यात काय लिहावं कळेना, मिटली.
म्हातारीसमोर उभी राहिले. तिने वाक्य म्हटलं. ती अजून इंग्रजीतच म्हणते. विहीर काही बोलली नाही.
परत फिरले. पुढे मी, मागे माझा बिनघंटीचा बैल. चौरस्ता ओलांडला तोच मागून घंटी वाजली. एकदा, मग पुन्हा. उभे बैलही मधूनमधून मान झटकतात. किंवा कोणीतरी खेळात येऊन त्याचं दावं सोडलं असेल. वळून पाहिलं असतं तर कळलं असतं.
जागीच थांबले आहे. वही मांडीवर घेऊन हे लिहिते आहे. घंटी वाजते आहे. पावणेपाच.